ओपिनेल नं. ८, कार्बन पाते: फॅक्टरीच्या धारेपासून हजारच्या दगडापर्यंत

ओपिनेल हा लाकडी मुठीचा, घडी होणारा फ्रेंच चाकू. पाते ८.५ सेंमी, पोलाद एक्ससी ९०, म्हणजे साधे कार्बन पोलाद. दगडावर चटकन झिजते, आणि ओले ठेवले तर तितक्याच चटकन गंजते. नव्या चाकूची धार कागद कापते, पण भिंगाखाली धरा: धारेलगतचा घासलेला उतार एका बाजूला रुंद, दुसरीकडे जेमतेम रेघ. आधी हे दोन्ही सारखे करून घ्यायचे. चकाकीचे नंतर बघू.

बिजागरीवर मास्किंग टेप घट्ट गुंडाळली आहे. दगडाचा चिखल त्या खाचेत गेला की पाते उघडताना करकरते, आणि बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगली की पाते आत अडकून बसते. मुठीच्या टोकाचे धातूचे कडे फिरवून पाते लॉक केल्याशिवाय दगडाजवळ जायचे नाही.

कोन दर बाजूला २० अंश ठेवला. पाठ दगडापासून किती उचलायची याचा हिशोब सोपा: पात्याची रुंदी गुणिले ०.३४, वजा पाठीची अर्धी जाडी. रुंदी १८ मिमी आणि पाठ १.६ मिमी धरली तर साधारण ५.३ मिमी. तेवढ्या उंचीची नाणी रचून हाताला कोन एकदा कळू द्या, मग काढून टाका. उतारावर मार्कर फिरवून दोन हात मारले की खरे काय ते दिसते. शाई वरच्या कडेची गेली तर कोन कमी पडतोय, फक्त धारेची गेली तर जास्त.

४०० च्या दगडावर (आकडा लहान तितका दगड भरड) एकच बाजू, बर येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड वळेपर्यंत. दाब सुमारे एक किलो. दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून एकदा दाबून बघा, बहुतेकांचा हात दुप्पट जड असतो. बर तपासताना अंगठा पाठीकडून धारेकडे बाहेर सरकवायचा, धारेच्या लांबीने कधीच नाही. टाच (मुठीकडचा भाग) ते टोक सलग बर लागली तरच बाजू बदला. ती हमखास दोन ठिकाणी यायची राहते. टाचेजवळ कडे दगडाच्या काठाला अडते, म्हणून मूठ दगडाबाहेर ठेवून पाते तिरपे धरायचे. टोकाजवळ धार वळते, तिथे कोपर किंचित उचलायचा.

१००० चा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात. इथे बर काढणे हेच खरे काम, आणि घरगुती धार बहुधा इथेच फसते. एकेक हात आलटून पालटून, दाब २०० ग्रॅमपर्यंत उतरवत न्यायचा, शेवटचे चार-पाच हात कोन दोनेक अंश वाढवून, धार पुढे ठेवून. बर नुसती उभी राहिली तर पहिल्या दिवशी ‘नईदुनिया’ पेपरचे पान लोण्यासारखे कापले जाते आणि दोन टोमॅटोंनंतर सालीवरून पाते घसरते. मग दोष पोलादाला दिला जातो! कापसाचा बोळा धारेवरून बाहेरच्या दिशेने ओढा. तंतू अडकला तर बर आहे.

त्यानंतर चामड्याचा पट्टा, हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट, पाते फक्त मागे ओढत. पट्ट्यावर दाबले तर चामडे खचते आणि धार गोल होते. ३००० चा दगड मुद्दाम टाळला. दोरी, टोमॅटो आणि हिवाळ्यात गराडू (माळव्यातला कंद) कापायचे, तर हजारची किंचित दातेरी धारच जास्त चांगली पकडते.

इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा काळा दुहेरी दगड सुताराच्या पटाशीला ठीक. या पात्याला त्याची ‘बारीक’ बाजूही भरड पडते. त्यावर खाद्यतेल घालू नका, चिकट थर धरतो. मशीनचे तेल चालते, पण एकदा तेल प्यायलेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. सायकलवर चाक बसवून येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्यावी, हे पाते नको: पातळ धार कोरड्या चाकावर क्षणात २०० अंशांपुढे तापते आणि पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते.

सद्यस्थिती: उतार सारखे झाले, टोकाचा शेवटचा सेंटिमीटर अजून डावीकडे अरुंद आहे. १००० चा दगड मधोमध खोलगट झाला आहे, तेव्हा आधी त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारून, काचेवर २२० चा वॉटर पेपर पसरून, रेघा पुसल्या जाईपर्यंत तो सपाट करायचा. टोक त्यानंतर.