वॅलेटा, आई आणि गॅलरी

दिवाळीनंतर आईला घेऊन माल्टाला जाऊन आले असं सांगितलं की अर्ध्या लोकांचा पहिला प्रश्न, माल्टा म्हणजे ते संत्र्यासारखं फळ ना? मग मी मॅप उघडून दाखवते, हे बघ इटलीचा बूट, बुटापुढे सिसिली आणि सिसिलीच्या खाली हा ठिपका. या ठिपक्याची राजधानी वॅलेटा. पाऊण चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. सिटी गेटमधून सरळ चालत सुटलात की साधारण एका किलोमीटरनं शहर संपतं आणि समोर समुद्र, म्हणजे आपलं सीएसएमटी ते फ्लोरा फाउंटन. एवढीशी जागा म्हणून आमच्या ट्रॅव्हलवाल्यानं प्लॅनमध्ये "वॅलेटा हाफ डे" लिहून दिलं होतं, मी भांडून चार रात्री तिथेच घेतल्या आणि बरं झालं, कारण चार दिवसांतही आमचं सगळं बघून झालं नाही. यात थोडा दोष आईच्या गुडघ्यांचा आहे आणि बराचसा गॅलरीचा, पण त्याबद्दल पुढे.

आधी थोडा इतिहास, नाहीतर तिथे काय बघतोय तेच कळत नाही. १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी माल्टाला वेढा घातला, सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघटनेनं, जवळजवळ चार महिने किल्ला लढवला आणि तुर्क परत गेले. आता परत आले तर काय करायचं म्हणून नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेट यानं १५६६ मध्ये ओसाड टेकाडावर नवीन शहराचा पाया घातला, तेच हे वॅलेटा. म्हणजे आधी तट आखले आणि मग त्याच्या आत घरं. आपल्या फोर्टला आपण फोर्ट म्हणतो पण त्याचा तट १८६० च्या दशकातच पाडून टाकला, इथे तो अजून उभा आहे, खंदकासकट. आणि रस्ते एकदम पट्टीनं आखल्यासारखे सरळ. घर बांधायचं तर पावसाच्या पाण्याची टाकी खणायलाच हवी असा तेव्हा नियम होता, हे ऐकल्यावर आई म्हणाली आपल्या सोसायटीच्या कमिटीला पाठवा इकडे अभ्यास दौऱ्यावर.

सिटी गेटच्या बाहेर ट्रायटन फाउंटन, तिथूनच सगळ्या बसेस सुटतात. आत शिरल्यावर उजवीकडे रेन्झो पियानो या इटालियन आर्किटेक्टनं बांधलेली नवी पार्लमेंट, दगडाला असे कापे पाडलेत की आईला ती खोबऱ्याची किसणी वाटली (तिथल्या लोकांनीही तिला साधारण अशीच नावं ठेवलीत असं नंतर कळलं). आणि तिला लागूनच नुसते खांब उभे असलेलं एक बिनछपराचं नाट्यगृह. हे तिथलं रॉयल ऑपेरा हाउस, १८६६ चं, एप्रिल १९४२ मध्ये बॉम्ब पडून गेलं. परत बांधायचं का नाही यावर अनेक वर्षं वाद झाले आणि शेवटी पियानोनं ते अवशेष तसेच ठेवून २०१३ मध्ये ओपन एअर थिएटर करून दिलं. आई गिरगावातल्या चाळीत वाढली, आपलं रॉयल ऑपेरा हाउस तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, ते कित्येक वर्षं बंद पडलेलंही तिनं बघितलंय आणि २०१६ ला परत उघडलेलंही. ती त्या खांबांपाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, आपलं वाचलं बाई.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं आहे, किल्ल्याची कोठारं असावीत तसं, आणि आत गेलं की डोळे दिपतात. छत मात्तिया प्रेती या चित्रकारानं रंगवलंय, आणि जमीन म्हणजे नाइट्सची थडगी, रंगीत संगमरवरात सांगाडे, ढाली, देवदूत. टाचेचे पॉइंटेड सँडल चालत नाहीत कारण फरशी खराब होते. पण खरी गोष्ट बाजूच्या ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, तिथे काराव्हाज्जोचं १६०८ चं प्रचंड मोठं चित्र आहे, सेंट जॉनचा शिरच्छेद. मानेतून सांडलेल्या रक्तात त्यानं आपली सही केलीय, त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. हा बाबा रोममध्ये खून करून पळालेला, इथे येऊन नाइट झाला, काही आठवड्यांत मारामारी करून तुरुंगात गेला, तिथूनही पळाला, आणि मग नाइट्सनी त्याला आपल्या संघटनेतून हाकललं ते याच ओरेटरीत, त्याच्याच चित्रासमोर. हे मी हळू आवाजात आईला सांगत होते तर शेजारी दोन जण ऑडिओ गाइड कानातून काढून माझ्याकडे बघायला लागले, मराठी कळत नसणार पण हातवारे कळले असतील. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तसा प्लॅन करा.

दुपारी बाराला अप्पर बाराक्का गार्डनमध्ये जा. खाली तोफांची रांग आहे, बाराला आणि चारला तोफ उडवतात, मी तयारीत असूनही दचकले आणि व्हिडिओत फक्त आकाश आलं. समोर ग्रँड हार्बर आणि पलीकडे बिर्गू, सेंग्लेया, कॉस्पिकुआ ही तीन जुनी गावं, सगळं एकाच मधाळ रंगाच्या दगडात. तिथून बंदरावर उतरायला ५८ मीटरची लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांनी तिला मनापासून आशीर्वाद दिले, कारण वॅलेटाचे आडवे रस्ते कधी पायऱ्या होतात ते कळतच नाही. खाली फेरी मिळते, किंवा दाइसा नावाची छोटी रंगीत लाकडी होडी. होडीच घ्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लहानपणी गेलेली आई होडीत एकदम सराईतासारखी बसली, मीच काठ धरून होते.

या बंदराशी मुंबईचं एक जुनं नातं आहे. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी सुमारे ७ हजार हिंदी शिपाई मुख्यतः मुंबईहून बोटींनी सुएझमार्गे माल्टाला आणले होते. आता शिपाई नाहीत पण बस ड्रायव्हर, डिलिव्हरी बॉय, हॉस्पिटलातले नर्स यांत आपले लोक खूप दिसतात. एका ड्रायव्हरशी आईनं हिंदीत अशा गप्पा मारल्या की आमचा स्टॉपच गेला.

खाण्याचं म्हणाल तर पास्तित्सी. पापुद्र्यांची शंकरपाळ्याच्या आकाराची गरमागरम वस्तू, आत रिकोटा चीज नाहीतर मटार. आईचा निकाल, ही मटार करंजीची चुलत बहीण. पूर्वी यात डुकराची चरबी वापरायचे, आता सगळीकडे नसते, पण कट्टर असाल तर विचारून घ्या. इमारेत म्हणजे खजूर भरून तळलेला प्रकार, बडीशेपेच्या वासाचा, तो मी रोज खाल्ला.

म्युझियमांपैकी सेंट एल्मो किल्ल्यातलं वॉर म्युझियम चुकवू नका, दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बवर्षाव सोसल्याबद्दल १९४२ मध्ये अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, ते तिथे ठेवलंय आणि ते त्यांच्या झेंड्यावरही आहे. आर्किऑलॉजीचं म्युझियम आम्ही धावत केलं, झोपलेल्या बाईची इवलीशी मूर्ती तेवढी नीट बघितली. बाकी ग्रँडमास्टर्स पॅलेस वगैरे राहिलंच.

ते का राहिलं सांगते. वॅलेटाच्या घरांना भिंतीबाहेर आलेल्या बंद लाकडी बाल्कन्या असतात, हिरव्या, लाल, निळ्या. आमच्या खोलीलाही एक होती. मी मालकिणीला विचारलं याला काय म्हणता, ती म्हणाली गल्लारिया. आई आतून ओरडली, काय म्हणाली, गॅलरी? आता तुम्हीच सांगा, मुंबईत आपण बाल्कनीला कधी बाल्कनी म्हटलंय का? चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बिल्डरनं गॅलरी हॉलमध्ये घेतली, चौरस फूट वाढले म्हणून सगळे खूश, एकटी आई नव्हती.

मग काय, रोज संध्याकाळी मी म्हणायचे चल, आणि ती गल्लारियात खुर्ची टाकून बसलेली. तिसऱ्या दिवशी समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, खालच्या पोरानं त्यात पाव ठेवला, टोपली वर. आई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. आमच्याकडे पिशवी सोडायचो ना भाजीवाल्याला, हे मला किमान दहा वेळा सांगून झालं. चौथ्या दिवशी त्या आजींनी हिला हात केला, हिनंही केला, आणि मग दोघी अर्धा तास आपापल्या भाषेत काहीतरी बोलत होत्या.

काल फोटो प्रिंट करायला टाकायचे होते. मी कॅथेड्रलचे निवडत बसले होते, आईनं फक्त एकच फ्रेम करायला सांगितलाय, थोडा हललेला आहे, टोपली दुसऱ्या मजल्यापर्यंत आलीय.