तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या पोरांना मी घर का देते

मागच्या महिन्यात इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला, भाच्याच्या लग्नाआधीचा मलिदा होता, म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचा, मराठी ज्यूंचा, गोड पोह्यांचा विधी. ताटातले गोड पोहे संपायच्या आत मावसबहिणीनं विचारलंच, "ज्या किबुत्झनं तुझी गोधडी काढून घेतली, तिथेच तू दरवर्षी नवीन पोरं आणून बसवतेस. कशासाठी गं?" किबुत्झ म्हणजे सगळं सामाईक असलेली शेतवस्ती. हाच प्रश्न मला लोदला विचारला गेलाय, दिमोनाला विचारला गेलाय, ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांनीही विचारलाय. इतकी वर्षं "आधी जेवून घ्या" म्हणत मी वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, गोधडी कोणी काढून घेतली नाही. ती मी दिली.

१९६५ साली मी पंधरा वर्षांची होते. अलियात हानोअरच्या, म्हणजे मुलांना आईबापांशिवाय इथे आणणाऱ्या संस्थेच्या, गटातून, आईबाप मुंबईत ठेवून, नेगेव वाळवंटाच्या उत्तरेकडच्या या किबुत्झवर आले. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम. ट्रंकेच्या तळाशी आईनं गोधडी घातली होती. आजीनं अलिबागला बसून आपल्याच लुगड्यांची शिवलेली, कडेला लाल दोरा, एका कोपऱ्यात हात थरथरल्यानं वाकडे गेलेले टाके. पहिल्या संध्याकाळी आम्हाला निळे कामाचे कपडे मिळाले, बूट मिळाले, दोन करडी ब्लँकेटं मिळाली आणि एक आकडा मिळाला. धोबीखान्यात कपडे सगळ्यांचे एकत्र धुतले जायचे, म्हणून प्रत्येक कपड्यावर ज्याचा त्याचा आकडा. माझा २१४.

तिसऱ्या आठवड्यात खोलीतल्या मुलींनी विचारलं, हे ठिगळांचं काय आहे? मी म्हटलं, चिंध्या आहेत. दुसऱ्या दिवशी घडी घालून कपड्यांच्या कोठारात, माहसानमध्ये, नेऊन दिली. तिथल्या बाईनं दोनदा विचारलं, नक्की ना? मी नवीनच शिकलेल्या हिब्रूत म्हटलं, "लो त्सारीख." नको, गरज नाही. आईला पत्रात लिहिलं, की इथे कोणाचं काही स्वतःचं नसतं, आता माझंही नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. आईनं ते वाचून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, पोरीची गोधडी काढून घेतली. मी कधी तिला दुरुस्त केलं नाही. दोष किबुत्झच्या नावावर राहणं मला सोयीचं होतं. आई गेली, तोवर मी ते तसंच राहू दिलं.

आणि तुम्ही किबुत्झला नावं ठेवता तेव्हा मला रागही येतो. माझी चुलत भावंडं बीरशेव्याला उतरली आणि दोन वर्षं रोजंदारीवर रोपं लावत राहिली. मामा तर १९५२ साली भांडून मुंबईला परत गेलेल्यांपैकी. आम्ही बेने इस्राएल पुरते ज्यू आहोत हे इथल्या रब्बीनातनं, ज्यू धर्मगुरूंच्या मंडळानं, मान्य केलं १९६४ साली, तेही लोक रस्त्यावर बसले तेव्हा. माझ्या किबुत्झवर मात्र तुझी आजी कोण, पणजी कोण, असं कोणी विचारलं नाही. मला शिकवलं, नर्स केलं. माझं लग्न हिरवळीवर सगळ्यांनी मिळून लावलं. आता विचार केला की वाटतं, आजीबद्दल विचारलं नाही ते मोठं मन होतं, की आजी कोण होती याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं? गोधडी त्याच आजीची होती. हे कोडं मला सुटलेलं नाही.

आमची घरमाता, एम बायित, बर्लिनची होती. रेखा फ्रायरनं १९३२ साली जर्मनीत अलियात हानोअरची कल्पना काढली, हेन्रिएटा सोल्ड यांनी ती इथे उभी केली, १९३४ साली पहिला गट एन हारोदला पोचला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आलेल्या मुलांपैकी ही. तिचे आईबाप मागून यायचे होते. आले नाहीत. पोरांना कसं सांभाळायचं हे ती स्वतः पोर असताना जे शिकली तेच: हिब्रू, काम, गाणी, आणि मागचं काढायचं नाही. ज्यांनी आम्हाला घरात घेतलं ते सगळे असे होते. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी दिलं. हे मला कळायला माझी चाळिशी उलटावी लागली, आणि कळूनही काही उपयोग झाला नाही. त्याचंच सांगते.

१९९२ साली नाअले योजना सुरू झाली. आईबापांच्या आधी मुलांनी एकट्यानं यायचं, इथे शाळा पुरी करायची. सोव्हिएत संघ कोसळला होता, मुलं येत होती. १९९४च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक गट आला आणि मी त्यांची एम बायित झाले. मुलांमागे किबुत्झला पैसे मिळत, आणि त्या वर्षांत किबुत्झं कर्जात होती, हेही सांगून ठेवते. सगळं प्रेमापोटी चाललं होतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पोटात प्रेम होतं.

त्यात खारकीवची एक सोळा वर्षांची मुलगी होती. नाव लिहीत नाही. तिनं बॅगेत कपडे कमी आणले होते, कारण अर्ध्या बॅगेत उशी होती. पिसांची, चौकोनी, आपल्या दोन उशांएवढी, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची. ऑगस्टचा नेगेव, दुपारी पत्रा तापून खोलीत उभं राहवत नाही, आणि ही पोर तसल्या उशीवर डोकं ठेवून झोपायची. उशीला पिवळे डाग पडले होते. वास यायचा. खोलीतल्या दुसऱ्या मुली नाक मुरडायच्या.

मी ठरवलं, शब्बाथच्या, शनिवारच्या सणाच्या, आत तिला स्वच्छ उशी द्यायची. वर चॉकलेट ठेवायचं, बोगनवेलीची एक डहाळी ठेवायची. शुक्रवारी सकाळी ती वर्गात गेल्यावर मी उशी उचलली, शाईच्या पेनानं कोपऱ्यात तिचा आकडा घातला आणि धोबीखान्यात देऊन आले. विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यात आलंच नाही.

अकरा वाजता धोबीखान्यातून फोन आला. उशी मशिनमध्ये फाटली होती. त्या मशिनमध्ये तीस माणसांचे कामाचे कपडे एका वेळी मावतात. ती उकळत्या पाण्यात एकाच झटक्यात उसवली. मी पोचले तेव्हा निळ्या शर्टांना, पँटींना, काचेला, सगळीकडे ओली पिसं चिकटलेली. ओली पिसं कधी हातात घेतली आहेत का? पांढरी राहत नाहीत. करड्या लगद्यासारखी होतात आणि त्यांना कोंबडीच्या खुराड्याचा वास येतो. मी कापडाचा मोठा तुकडा शोधून काढला, त्यात हातानं ओरबाडून जमेल तेवढी पिसं भरली आणि ते गाठोडं घेऊन तिच्या खोलीच्या पायरीवर बसले.

ती आली. तिनं गाठोडं पाहिलं. मी "स्लिहा, स्लिहा", माफ कर, माफ कर, म्हणत रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. माझी आजी, गोधडी, सगळं त्या वेळी वर आलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "काही नाही," ती म्हणाली, "जुनी होती. लो त्सारीख."

माझेच शब्द. मी ते ऐकले आणि मला हायसं वाटलं! आज लिहितानासुद्धा लाज वाटते. मला वाटलं, आमचं नातं जुळलं, पोरीनं मला माफ केलं. नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, की ती उशी तिच्या पणजीची होती. १९४१ साली जर्मन येण्याआधी खारकीव सोडलं तेव्हा आगगाडीतून ताश्कंदला गेली होती, युद्धानंतर परत आली होती.

ती वर्षअखेरीला दुसऱ्या शाळेत गेली. सामान भरताना माझ्याशी नीट बोलली, केक घेतला. मग अनेक वर्षं रोश हशानाला, ज्यू नववर्षाला, एक कार्ड यायचं, इतकंच. चार वर्षांपूर्वी ती आपल्या मुलाला घेऊन आली. जेवणघरासमोरच्या हिरवळीवर आम्ही बसलो. मी परत उशीचं काढलं, परत माफी मागायला लागले. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी इतक्या रडलात, की मला रडता आलं नाही. मला तुम्हाला सांभाळावं लागलं." रागानं नाही म्हणाली. मुलाला सँडल घालता घालता म्हणाली.

तेव्हापासून मी हा प्रश्न उलटा ऐकते. तुम्ही विचारता, त्या पोरांना घर का देतेस. मी विचारते, घर मी देते की त्यांच्याकडून घेते? पंधरा वर्षांची जी मुलगी माहसानच्या खिडकीशी उभी होती, तिला कोणीतरी थांबवायला हवं होतं, आणि ते मी या मुलांमध्ये शोधत फिरते का? असेल. मग बंद करू का? पहिल्या रात्री ज्याच्या दारावर कोणीच टकटक करत नाही, ते पोर काय करतं, हेही मी पाहिलंय. ते बूट न काढता झोपतं.

हल्ली येतात ते बहुतेक सैन्यात जाणारे, घरचे लोक परदेशात असलेले. सध्या माझ्या वाट्याला एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. सहा महिने झाले, एकदाही जेवायला आलेला नाही. तो सुट्टीवर असला की शुक्रवारी मी त्याच्या दारात डबा ठेवते. नारळाच्या दुधातली कोंबडी, भात, आईच्या हातची तशी. रविवारी डबा धुऊन, पुसून माझ्या पायरीवर असतो. त्याला ते आवडतं की तो टाकून देतो, ठाऊक नाही. दार ठोठावून विचारलं तर तो "खूप छान" म्हणेल आणि पुढच्या शुक्रवारी माझ्या टेबलाशी येऊन बसेल, माझ्यासाठी. म्हणून विचारत नाही. उशीच्या वेळी विचारलं नाही ते चुकलं, आता विचारत नाही ते बरोबर की नाही, कोण सांगणार? मावसबहीण म्हणते, डबा तरी कशाला ठेवतेस. या शुक्रवारचा नारळ आणून ठेवलाय.