पहिला टॉक आणि डेमोची तयारी

शनिवार, रात्री उशिरा.

प्रोग्रामरांच्या परिषदेतला पहिला टॉक म्हटलं की जो तो स्टेजच्या भीतीबद्दल बोलतो. भीती दोन मिनिटांत ओसरते. टॉक पडतो तो विषयाच्या पसाऱ्यामुळे, नाहीतर डेमोत.

माझी प्रोग्रामिंगची भाषा पायथॉन. ‘पायथॉन आणि भारतीय भाषा’ हे तीस मिनिटांत मावत नाही. ‘पायथॉनला पुणे चार अक्षरी का वाटतं’ हे मावतं. डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबी प, उकार, ण आणि मात्रा असे ४ क्रमांक (कोडपॉइंट). ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइट. बग, त्याचं कारण आणि पॅच (दुरुस्ती), सगळं या एका शब्दावर दाखवता येतं. परिषदेला पाठवायच्या प्रपोजलमध्ये मिनिटं मांडावीत: ३ अडचणीला, १० कारणाला, ८ डेमोला, ४ पॅचला, ५ प्रश्नांना.

पायकॉन इंडिया ही पायथॉनवाल्यांची परिषद २०११ साली पुण्यात भरली होती. ती काही दरवर्षी दारात येत नाही, पण पायथॉन पुणेसारख्या गटांच्या भेटी होतात. मोठ्या परिषदेआधी टॉक तिथे एकदा देऊन बघावा. कुठली स्लाइड रेंगाळते ते लगेच कळतं.

डेमो. हॉलमधल्या वायफायवर शेकडो लॅपटॉप आणि मोबाइल एकदम तुटून पडतात, आणि पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथॉनची पॅकेजं उतरवणारी आज्ञा, नेमकी तेव्हाच लटकते. पॅकेजं घरीच उतरवून ठेवावीत आणि वायफाय बंद करून डेमो अथपासून इतिपर्यंत चालवून बघावा. प्रत्येक पायरीला गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) मधला टॅग, म्हणजे खूण: अडकलं की पुढचा टॅग चेकआउट करून कोड त्या पायरीवर आणायचा, लोकांसमोर टायपो शोधत बसायचं नाही. टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट २४ पॉइंट, पार्श्वभूमी पांढरी. काळ्यावरची करडी अक्षरं प्रोजेक्टर गिळतो. देवनागरीची गोम वेगळीच. टर्मिनल प्रत्येक खूण ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवायला जातं, म्हणून बऱ्याच ठिकाणी मात्रा सरकतात, जोडाक्षरं फुटतात. असा डेमो ज्युपिटर नोटबुकात, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड आणि उत्तर दाखवणाऱ्या पानावर, बरा. स्लाइड्सची पीडीएफ फॉन्ट फाइलमध्येच घालून (एम्बेड) पेनड्राइव्हवर, आणि एचडीएमआयचा अडॅप्टर आपला स्वतःचा.

कॉलर माइक लावण्याआधी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकावं. त्याची पट्टी माइकला घासते आणि रेकॉर्डिंगभर खरखर येते. हॉलमध्ये ती फारशी जाणवत नाही, म्हणून कुणी टोकतही नाही.

प्रश्न आला की आधी तो माइकवर पुन्हा म्हणावा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरंच उरतात. ‘प्रश्न नाही, एक सूचना आहे’ म्हणणारे गृहस्थ पुण्यात असायचेच; त्यांना चहाच्या वेळेवर न्यावं.

शेवटच्या स्लाइडवर भलंमोठं ‘धन्यवाद’ नको. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच पाच मिनिटं पडद्यावर राहते. तिथे कोड ठेवलेल्या रेपॉझिटरीचा क्यूआर कोड आणि स्लाइड्सचा परवाना, सीसी बाय-एसए ४.० (श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली वापरायची मुभा), टाकावा. फोटो त्याच स्लाइडचा काढतात.