तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ फुटला तर?

गोठलेल्या तळ्यावर गाडी नेता, भोक पाडून मासे धरता, आणि बर्फ फुटला तर? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आल्यापासून दर हिवाळ्यात हा प्रश्न मला येतो. पुण्याहून आत्या फोनवर विचारते, इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबं विचारतात. काळजीपोटी विचारलेला प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देते.

बर्फ फुटतो. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर मिनेसोटातल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा भलामोठा तुकडा काठापासून सुटला आणि त्यावर मासे धरायला गेलेली शंभराहून जास्त माणसं अडकली. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ असं मी कुणालाच सांगत नाही. आम्ही बर्फ मोजतो, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

आमचा गट मिल लॅक्सला जातो. मिनीआपोलिसच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर हे तळं आहे. विस्तार पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त, आणि सर्वांत खोल जागी पाणी जेमतेम बेचाळीस फूट. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड होतं आणि तळाशी जातं. त्याहून थंड पाणी वर राहतं आणि वरूनच गोठत येतं. म्हणून बाहेर उणे वीस असलं तरी खाली मासे जिवंत असतात, खातपीत असतात.

हिवाळ्याच्या सुरुवातीला चालत जातो, तेव्हा सगळ्यांत पुढे माझ्या नवऱ्याचे एक सहकारी असतात. ते इथेच वाढलेले. त्यांच्या हातात जड पहार असते. दोन पावलं टाकायची आणि पुढच्या बर्फावर पहार मारायची. घट्ट, भरीव आवाज आला तर पुढे. एका घावात पहार आरपार गेली, तर आल्या पावलांवरूनच माघारी. थोड्या थोड्या अंतरावर थांबून ते गिरमिट लावतात. बर्फाचा भुगा भोकाभोवती साचत जातो, मग गिरमिट एकदम हलकं होतं आणि काळं पाणी उसळून वर येतं. झाऱ्यासारख्या पळीने भुगा काढला की आकडी असलेली पट्टी आत सोडायची, ती बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची आणि जाडी वाचायची.

इथल्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइलला (बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीला) ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, मोठ्या गाड्यांना त्याहून जास्त. पण हे आकडे नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचे. ओल्या हिमाचा पांढरा बर्फ निम्म्या ताकदीचा धरायचा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. लोक नेमके इथेच फसतात. पट्टीवर आठ इंच दिसतात, पण त्यातले वरचे चार पांढरे असतील तर ते आठ नव्हेत. आणि हिमाचा जाड थर साचला की तो गोधडीसारखा थंडी अडवतो, त्याखालचा बर्फ पातळच राहतो. ओढ्याच्या मुखाशी तर आम्ही फिरकतच नाही. तळ्यावर दुसऱ्यांच्या गाड्या दिसतात म्हणून आपणही जावं, हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी कुठे मोजलंय, मोजलंय तरी का, ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

नवा माणूस हमखास दचकतो तो आवाजाने. पायाखालून दूरवर काहीतरी गडगडत जातं, मध्येच चाबूक ओढल्यासारखा सटकन आवाज येतो. पारा उतरला की बर्फ आक्रसतो, चढला की फुगतो, त्याचा हा आवाज. चांगला जाड बर्फही असा बोलतो, म्हणून नुसत्या आवाजाने पळायचं नसतं.

गाडी नेली तर सीटबेल्ट सोडलेला, काचा खाली, वेग अगदी कमी. वेगात गेलं की बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि ती काठाजवळचा बर्फ फोडू शकते. गाड्या एकमेकींपासून लांब उभ्या करायच्या. प्रत्येकाच्या गळ्यात टोकदार खिळे बसवलेल्या दोन मुठी दोरीने अडकवलेल्या असतात. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायचं. मासे धरताना बसायला बर्फावर झोपडी उभारतात. तिच्यात हीटर असतो, तेव्हा हवेची खिडकी उघडी ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म लावायचा. बर्फाची धास्ती सगळ्यांना असते, या वायूची कुणाला नसते, आणि मला तीच काळजी जास्त वाटते.

आता माशांचं. वॉलाय हा इथला खाण्याचा मासा. त्याच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. दुपारभर गळ हलवत बसावं आणि सूर्य कलला की दोरीला टकटक व्हावी. वॉलाय किती आणि केवढे ठेवायचे ते सरकार ठरवतं, आणि तो नियम बदलत राहतो, म्हणून निघण्यापूर्वी आम्ही तो पाहतो. बरेचसे परत पाण्यातच जातात. पर्च नावाचे छोटे मासे मिळाले की काठावरच्या केबिनमध्ये आल्यावर मीठ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवते. इथल्या मंडळींनाही आता तेच आवडतात.

गटाने जायचं ते बर्फाच्या या धोक्यामुळेच. एकजण पहार मारतो, एकजण मागे दोर घेऊन अंतर राखून चालतो, आणि काठावरच्या एकाला आपण कुठे निघालोय आणि कधी परतणार ते ठाऊक असतं. शिवाय ‘आज नको’ म्हणायचा हक्क गटातल्या प्रत्येकाला आहे. कुणी एकाने म्हटलं की सगळे मागे फिरतात, कारण विचारत नाहीत.

तुम्हाला यायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी या. बूट आणि गळ्यातल्या मुठी आमच्याकडे जादा आहेत. मासेमारीचा परवाना मात्र आधी काढून ठेवा, आणि पहिलं भोक पाडलं की पट्टी तुम्ही स्वतः वाचा.