बाबांच्या खात्यातले ७,९६५ रुपये

मार्च २०२३ ची गोष्ट. बाबांनी कोरेगावच्या एका व्यापाऱ्याला आलं द्यायचं ठरवलं आणि त्याने बयाणा म्हणून सहा हजार रुपये ऑनलाइन पाठवले. जिल्हा बँकेचं पासबुक तेव्हा हाताशी नव्हतं म्हणून बाबांनी आपला जुना कंपनीचा अकाउंट नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सातारला एटीएमवर गेले तर बॅलन्स २,३४७. बाबांना वाटलं व्यापाऱ्याने कमी पाठवले. त्याला फोन करून चार माणसांत बोलले, तो बिचारा मोबाइल घेऊन घरी आला आणि सहा हजार गेल्याचं दाखवलं. त्या रात्री बाबांचा मला पुण्याला फोन आला. आवाज इतका उतरलेला की मला वाटलं घरात काहीतरी झालंय.

"पोरी, माझं खातं बघशील का जरा. मी उगाच त्या माणसाला बोललो."

बाबा चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं फिटर होते. पगार एका खासगी बँकेत व्हायचा, बँकेचं नाव इथे लिहीत नाही. सॅलरी अकाउंट होतं म्हणजे झिरो बॅलन्स, पैसे ठेवा नाहीतर काढा, कोणी विचारत नव्हतं. जून २०२१ ला रिटायर झाले, गावी आले, खात्यात ४,३१२ रुपये राहिले होते ते राहू दिले. असू दे अडीअडचणीला, एवढाच विचार. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी बँक तेच खातं साध्या सेव्हिंगमध्ये टाकते आणि मग मिनिमम बॅलन्स लागू होतो, बाबांच्या बाबतीत दहा हजारांचा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी रोज कॉम्प्युटरवर बसणारी बाई, मलाही माहीत नव्हतं.

स्टेटमेंट काढलं. डिसेंबर २०२१ पासून दर महिन्याला ४५० रुपये चार्ज आणि खाली वेगळ्या ओळीत ८१ रुपये जीएसटी, मिळून ५३१. आठ महिन्यांत ४,२४८ गेले आणि खात्यात ६४ रुपये उरले. मला वाटलं इथे थांबलं असेल. नाही थांबलं. नवव्या महिन्याला परत ५३१, खातं उणे ४६७. मग उणे ९९८. असं करत फेब्रुवारी २०२३ पर्यंत पंधरा महिने, एकूण ७,९६५ रुपये, आणि खातं उणे ३,६५३. व्यापाऱ्याचे सहा हजार आले आणि बँकेने पहिल्या झटक्यात आपले ३,६५३ वळते करून घेतले. व्याजाचे रुपया-दोन रुपये इकडेतिकडे असतील ते मी धरत नाहीये.

मी बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बँकेनं कापलं म्हणजे कायतरी हिशेब असंल की. आपणच पैसे ठेवले नाहीत." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माणूस आयुष्यभर कोणाचा एक रुपया बुडवत नाही आणि बँकेने त्याचे आठ हजार नेले तरी त्याला वाटतं चूक आपलीच.

शनिवारी गावी गेले, सोमवारी २७ मार्चला आम्ही दोघं सातारच्या ब्रँचमध्ये. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅनेजर बोलायला चांगले होते, चहा पण सांगितला, पण उत्तर एकच, "मॅडम, हे सिस्टीमने आपोआप कट होतं, ब्रँचच्या हातात काही नाही." मी म्हटलं मग खातं बंद करा, तर कळलं की व्यापाऱ्याचे पैसे आले नसते तर खातं बंद करायला आधी आम्हालाच उणे रक्कम भरावी लागली असती. त्यांनी अकाउंट ओपनिंगचा फॉर्म दाखवला, खाली बाबांची सही. फॉर्म पूर्ण इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे की ग्राहकांना दिले जाणारे फॉर्म, पासबुक, स्लिपा इंग्रजी, हिंदी आणि तिथल्या भाषेत असाव्यात. पण कंपनीच्या गेटवर एका दिवसात दोनशे कामगारांची खाती उघडली जातात तेव्हा कोण बघतं, बोट ठेवतील तिथे सही करायची.

काउंटरवरचा एक तरुण मुलगा बाहेर पोर्चमध्ये आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तोंडी बोलून काही होत नाही. लेखी द्या आणि पोच घ्या." त्या मुलाचे आभार मी कधी मानले नाहीत, इथे मानते.

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर शोधलं आणि वाचता वाचता अंगावर काटा आला, कारण सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. २० नोव्हेंबर २०१४ चं सर्क्युलर होतं, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. मिनिमम बॅलन्स किती ठेवायचा ते बँक ठरवू शकते, दंडही लावू शकते, पण त्याच्या अटी आहेत. बॅलन्स कमी झाला की आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने स्पष्ट कळवायचं की महिन्याभरात भरला नाही तर चार्ज लागेल. तो महिना द्यायचा. चार्ज सरसकट एकच रक्कम असून चालत नाही, जितकी रक्कम कमी पडली त्या फरकावर ठरलेल्या टक्क्याने लावायचा, स्लॅब म्हणजे टप्पे करू शकतात पण फरकाशी संबंध पाहिजे. आणि नुसत्या ह्या चार्जमुळे खातं उणे जाता कामा नये. हे शेवटचं मी दोनदा वाचलं, मग बाबांना मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे चौसष्ट रुपयांवर थांबायला पायजे होतं त्यांनी."

हो बाबा, तिथे तरी थांबायला पाहिजे होतं. आणि त्याच्या आधीचं पण, नोटीस न देता कापलेलं.

नोटिशीचं म्हणाल तर बाबा मेसेज कधीच डिलीट करत नाहीत, नंबरही दहा वर्षं तोच. त्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही २०२१ पासूनचे त्या बँकेचे सगळे मेसेज खालून वर वाचले. तीन लाखांचं प्री-अप्रूव्ड लोन, क्रेडिट कार्ड, दिवाळीच्या शुभेच्छा, सगळं होतं. बॅलन्स कमी आहे, महिन्याभरात भरा असा एकही मेसेज नव्हता.

मग अर्ज लिहिला, मराठीत, हाताने, दीड पान. कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते काय लिहिलं. खाते क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती कापले त्याचा तक्ता, जीएसटी सकट. मग सर्क्युलरची तारीख आणि विषय. मग तीन मागण्या: चार्ज लावण्याआधी दिलेल्या नोटिशीची तारखेसह प्रत द्या, ४५० ही रक्कम फरकाच्या किती टक्के धरून काढली ते लेखी सांगा, आणि नसेल सांगता येत तर ७,९६५ रुपये परत करा. रागाचं एकही वाक्य लिहिलं नाही, लिहायचा मोह खूप झाला होता. दोन प्रती, दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. तोच मजकूर रात्री बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर पाठवून तक्रार नंबर घेतला. हा नंबर आणि ती शिक्का मारलेली प्रत, पुढचं सगळं ह्या दोन गोष्टींवर उभं राहिलं.

१२ एप्रिलला फोन आला की गुडविल म्हणून तीन महिन्यांचे चार्जेस परत देतो, तक्रार बंद करूया का. इथे खूप जण हो म्हणतात आणि मी त्यांना दोष देणार नाही, दीड हजार रुपये काही कमी नाहीत आणि डोक्याचा ताप जातो. बाबा पण म्हणाले घे मिटवून. पण मला ते गुडविल नको होतं. चुकून घेतलेले पैसे परत करणं म्हणजे मेहेरबानी कशी? मी म्हटलं आधी नोटिशीची प्रत पाठवा. त्यावर ईमेल आला की चार्जेस बँकेच्या शेड्यूल ऑफ चार्जेसप्रमाणेच, म्हणजे दरपत्रकाप्रमाणेच आहेत. नोटिशीबद्दल एक अक्षर नाही.

मे महिन्यात ओम्बड्समनकडे गेलो, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तेव्हा रिझर्व्ह बँकेची २०२१ ची एकात्मिक लोकपाल योजना लागू होती. त्यात आधी बँकेकडे तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन ह्या साइटवर ऑनलाइन तक्रार टाकायची. त्या योजनेत मुदत होती बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्ष. फी शून्य. वकील लागत नाही, उलट तुमच्या वतीने वकिलाने तक्रार केलेली चालतच नाही, घरातलं माणूस ऑथरायझेशन घेऊन करू शकतं. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून चंदीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात पोस्टाने पाठवता येतं आणि माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर. मी बाबांना शेजारी बसवून त्यांच्या मोबाइलवरच्या ओटीपीने फॉर्म भरला, स्टेटमेंट, अर्जाची पोच आणि बँकेचा तो ईमेल जोडला. अर्धा पाऊण तास लागला असेल, त्यातला बराचसा पीडीएफ लहान करण्यात.

त्यानंतर बँकेची भाषाच बदलली. आधी मी फोन करत होते, आता त्यांचे फोन यायला लागले, मुंबईहून, नोडल ऑफिसमधून, म्हणजे लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी बँकेच्या वतीने सांभाळणाऱ्या ऑफिसमधून. आणि १९ जूनला बाबांच्या खात्यात ७,९६५ रुपये जमा झाले, जीएसटी सकट. व्याज मागितलं होतं ते मिळालं नाही, ते मी सोडलं. दिलगिरीचा शब्द पण नाही, त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं, कारण पैशांपेक्षा बाबांना त्या व्यापाऱ्यासमोर मान खाली घालावी लागली ती कुठल्या स्टेटमेंटमध्ये येत नाही. पैसे आले त्याच दिवशी बाबा त्याच्या गाळ्यावर गेले, मेसेज दाखवला आणि हात जोडले. त्याने म्हणे पेढे मागवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत सरकारने आकडे दिले ते वाचून मी सुन्न झाले. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका मिळून २०१८ पासून नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडापोटी २१ हजार कोटींच्या वर वसूल केले. एटीएमचे जादा व्यवहार आणि एसएमएसचे चार्जेस धरले तर ३५ हजार कोटींच्या वर. आणि हा दंड भरतं कोण, तर ज्याच्या खात्यात पैसे कमी आहेत तोच. दहा लाख ठेवणाऱ्याला हा चार्ज कधी लागतच नाही. मला हे मुळातच अन्यायाचं वाटतं, नियमात बसवून कापलं तरी. बदलता येतं हेही खरं आहे, स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच हा दंड काढून टाकला आणि २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही काढला.

आम्ही ते खातं बंद केलं. सरकारी बँकेत बाबांचं बेसिक सेव्हिंग खातं उघडलं, ज्याला बीएसबीडी म्हणतात. मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. जनधनची खाती याच प्रकारची. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. ज्यांचं सॅलरी अकाउंट होतं आणि नोकरी बदलली किंवा सुटली त्यांनी जुनं खातं आजच बघा, ही माझी हात जोडून विनंती.

आपल्याकडे एक घोळ होतो म्हणून सांगते, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते. आणि लोकपालाकडून समाधान नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, बँकेचं ऑफिस मुंबईत असलं तरी. दुसरं म्हणजे एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले तर पाच दिवसांत परत जमा व्हायला पाहिजेत, त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते, सप्टेंबर २०१९ चा नियम. माझ्या मैत्रिणीचे पैसे सतराव्या दिवशी आले, तिने बाराशे मागितले आणि मिळाले.

मागच्या आठवड्यात गावी होते तर बाबा सकाळीच शेजारच्या काकूंना घेऊन आले. त्यांच्या पासबुकात दोन वर्षं ४३६ रुपये कापलेले, जीवनज्योती विम्याचे. विमा चांगला आहे, दोन लाखांचं कव्हर आहे, ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा. पण काकूंनी फॉर्म भरलाच नव्हता, त्यांना विमा आहे हेच माहीत नव्हतं, म्हणजे उद्या काही झालं असतं तर घरच्यांनी क्लेम तरी कसा केला असता? मी अर्ज लिहायला घेतला तर बाबा म्हणाले थांब, मी लिहितो. चष्मा लावून, जुन्या डायरीचं पान फाडून, स्वतःच्या अर्जाची पोच समोर ठेवून लिहिलं: संमतीपत्रावरच्या सहीची प्रत मिळावी. मग काकूंना म्हणाले, "दोन कागद न्यायचे वहिनी. एकावर शिक्का मारून घ्यायचा, त्याबिगर माघारी यायचं न्हाई."