तिरपं तर आम्ही मोजलंच की ओ

डिसेंबरातला तो दिवस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी ध्रुवप्रदेश आणि सौरऊर्जा शिकवत फिरतो. दोन्ही एकत्र घेतो, कारण ऊन मोजता आलं की ध्रुव आपोआप जवळ येतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात सूर्याचं दर्शनच दुर्मीळ, म्हणून हे काम थंडीतलं. अंटार्क्टिकाचं नाव काढलं की मी पोरांना आधी गोवा दाखवतो. भारताची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये तिथूनच निघाली आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोत आहे. चोर्ल्याच्या घाटातून बसनं गोव्याला जाणाऱ्या पोरांना मग ते लांबचं वाटत नाही.

सोलर शिकवायचं म्हणजे पॅनेलला पंखा जोडायचा, तो फिरला की टाळ्या आणि फोटो, अशी एक पद्धत पडलीय. त्याची मला मनापासून चीड येते. पंखा फिरला यातून पोरांना काय कळलं? व्होल्टेज दाखवणारेही फसतात. पॅनेल कलतं केलं तरी व्होल्टेज फारसं उतरत नाही, उतरतो तो करंट. म्हणून मी करंट मोजणाऱ्या मल्टीमीटरच्या वायरी थेट लहानशा पॅनेलला लावतो आणि पोरांना मिलिअँपिअर वाचायला देतो. पॅनेल टेबलावर अगदी आडवं हवं. त्यासाठी त्या दिवशी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची लेव्हल मागून आणली होती.

शाळेजवळ राहणारी दोन पोरं सकाळी साडेसातपासून दर तासाला आकडा लिहून ठेवत होती. साडेबाराला 74 आला, संध्याकाळी साडेपाचला 8. दिवसाची बेरीज 498. दुसरं माप दक्षिण ध्रुवासाठी. डिसेंबरात तिथला सूर्य क्षितिजापासून साधारण साडेतेवीस अंशांवर असतो आणि चोवीस तास त्याच उंचीवर फिरत राहतो, मावळत नाही. आपल्याकडे सूर्य तेवढा उतरला की मीटरभर काठीची सावली 2.3 मीटर पडते. सगळा वर्ग टेप धरून सावलीकडे डोळे लावून बसला होता. चारनंतर दहा मिनिटांनी सावली खुणेवर आली. आकडा 33. त्याला चोवीसनं गुणलं, 792.

वर्गात गलका झाला. ध्रुवावर जास्त ऊन?

सातवीतली एक मुलगी उठली. "मग तिथला बर्फ इरघळत का नाही ओ सर?"

मी काही बोलायच्या आत वर्गशिक्षकांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, "तिथं किरण तिरपे पडतात म्हणून."

"तिरपं तर आम्ही मोजलंच की ओ गुरुजी. तिरपं धरूनच 792 आलं."

इतकं नेमकं मोठ्या माणसांनाही सुचत नाही. तिचं बरोबर होतं. वर्षभराचा हिशेब केला तर सहा महिन्यांचा काळोख आणि उतरतं ऊन यांमुळे ध्रुव मागेच पडतो, पण डिसेंबरातल्या त्या दिवसापुरतं 'तिरपे किरण' हे उत्तर पुरत नाही.

उतरत्या उन्हात मी पॅनेल उलटं करून अंगणातल्या तांबड्या मातीवर वीतभर उंच धरलं. मातीवरून परत आलेलं ऊन, 5. मग खताचं रिकामं पांढरं पोतं आतली बाजू वर करून अंथरलं. 18! ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं शंभरातलं ऐंशी-नव्वद परत फेकतो, हे मग सांगावंच लागलं नाही, तीच म्हणाली, "बर्फ ऊन घेतच नाही." शिवाय दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून 2,800 मीटरवर आहे, त्या उंचीची थंडी वेगळीच.

पांगापांग झाल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "सर, पेपरात दोन मार्कांचा प्रश्न असतोय. 'तिरपे किरण' लिहिलं की मार्क पडतात. हे सगळं लिहीत बसली तर तपासणारा काट मारंल."

गुरुजी कामसू माणूस. एका खोलीत तीन वर्ग सांभाळतात, वरून रोजची माहिती भरायची. त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो एका ओळीचं उत्तर ठरवून देणाऱ्यांवर. पोरीनं दिवसभर उन्हात उभं राहून जे सिद्ध केलं, त्याला त्या ओळीत जागा नाही. प्रयोगाचं साहित्य मोडेल म्हणून कपाटाला कुलूप लावणारीही हीच व्यवस्था.

निघताना तिनं विचारलं, "मग पेपरात काय लिहू?" मी म्हटलं, किरण तिरपे हे लिही आणि बर्फ ऊन परत फेकतो हेही लिही. गुरुजी शेजारीच उभे होते, गप्प राहिले. मार्चमध्ये तिचे मार्क कापले गेले तर तिनं कुणाचं ऐकायला हवं होतं, हे मला ठरवता येत नाही. वार्षिक परीक्षेच्या आधी गुरुजींबरोबर एकदा बसायचं आहे. आकड्यांचा तक्ता सोबत नेणार आहे.