माशाच्या सेविचेविना रविवार

पेरूची राजधानी लिमाच्या सुरकियो भागातल्या एका छोट्या सेविचेरियात, म्हणजे सेविचेच्या खाणावळीत, मी स्वयंपाकी आहे. आमचं दार दुपारी बाराला उघडतं आणि चारच्या सुमारास बंद होतं. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, इथे दुपारचं खाणं. पहाटे उतरलेली मासळी दुपारीच संपवायची, ही बर्फ आणि फ्रीज येण्याआधीपासूनची रीत. रविवारी तर अख्खी कुटुंबं येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत.

त्या आठवड्यात समुद्र खवळला होता. इथल्या हिवाळ्यात दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की नौदलाचे अधिकारी बंदरं बंद करतात. चोरियोसच्या कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. तरी रविवारी सकाळी आमच्या पुरवठादाराकडून कोर्विना माशांची पेटी आली.

मालकीणबाईंनी पहिल्या माशाचे कल्ले उचलून पाहिले. लालभडक हवेत, ते विटकरी झाले होते. पाठीवर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरून यायला वेळ लागला. वास मात्र काही नव्हता. आमच्या रत्नागिरीत कालवणासाठी हा मासा कुणीही बेलाशक घेतला असता.

"हा रश्श्यात जाईल, तेलात जाईल. लिंबात जाणार नाही," बाई म्हणाल्या.

आमच्यातल्या एका पोराने सुचवलं, रस जास्त घालू, अर्धा तास मुरवू, मिरची वाढवू. बाईंनी सुरी खाली ठेवली. "लिंबाने मासा पांढरा होतो, ताजा होत नाही."

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आंबट रसाने माशातली प्रथिनं आकसतात, तुकडा अपारदर्शक होतो आणि शिजल्यासारखा दिसतो. पण आचेवर जंतू मरतात तसे लिंबात सगळे मरत नाहीत. अ‍ॅनिसाकिस नावाच्या कृमीची अळी त्या रसात खुशाल तग धरते. बाईंना मात्र ते जगण्यातून ठाऊक होतं. १९९१ च्या जानेवारीत पेरूच्या किनाऱ्यावर कॉलरा आला आणि त्या वर्षात ३ लाखांहून जास्त लोकांना झाला. दूषित पाणी हे मोठं कारण होतं, पण लोकांनी बोट दाखवलं ते कच्च्या माशाकडे. राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी टीव्हीवर सेविचे खाऊन दाखवलं, तरी गिऱ्हाईक परतायला वेळ लागला. बाईंच्या आईची तेव्हा सेविचेची गाडी होती. ती बंद पडली ती कायमचीच.

दारावर पाटी लागली: आज माशाचं सेविचे नाही.

बाई मूळच्या वारासच्या, अँडीजच्या डोंगरातल्या. तिथे चोचो नावाच्या पांढऱ्या चपट्या दाण्यांचं सेविचे करतात. हा दाणा कच्चा खाल्ला तर कडूजहर. उकडून, पाणी बदलत बदलत कित्येक दिवस भिजवावा लागतो, तेव्हा कुठे गोडावतो. मी सुरकियोच्या मंडईतून कडूपणा काढलेले तयार चोचो आणले. कांदा उभा पातळ चिरून गार पाण्यातून काढला. टोमॅटो, कोथिंबीर, रोकोतो मिरची, मीठ आणि वरून लिंबू. लिंबू अर्धंच पिळायचं, कारण शेवटपर्यंत दाबलं की सालीचा कडवटपणा उतरतो. सोबत खरपूस भाजलेला मका. चमचाभर चाखला आणि वाटलं, माशाखाली झाकलेली ही आंबट-तिखट बाजू मी आजवर नीट ऐकलीच नव्हती.

निम्मी माणसं पाटी वाचून परत गेली. एक आजोबा वाढदिवसाला सगळं गोत घेऊन आले होते. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, "कोर्विना कशी आहे?" बाईंनी खरं ते सांगितलं. आजोबांनी त्याच कोर्विनाचा सुदादो मागवला, म्हणजे कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात वाफवलेला मासा, आणि सगळ्यांसाठी चोचो. गल्ला निम्म्यावर आला होता. बाईंनी संध्याकाळी तो मोजला आणि त्यावर चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर फार वाढला.

रत्नागिरीहून ताई सारखी कृती मागते. लिंबाची अडचण नाही, आपलं कागदी लिंबू आणि इथलं लिंबू एकाच जातकुळीचं. अडचण माशाची. कच्च्या माशातले कृमी मारायला तो उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवावा लागतो, आणि घरच्या फ्रीजचा भरवसा नाही. शिवाय गोठवूनही सगळे जिवाणू मरत नाहीत, मासा मुळात ताजा लागतोच. म्हणून तिला कोळंबी सांगितली: सोलून, काळा दोरा काढून, उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवायची, लगेच बर्फात टाकायची, मग मीठ, लिंबू, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. पाच मिनिटांत पानात. बाजूला उकडलेलं रताळं हवंच, त्याच्या गोडव्याने आंबटपणा सावरतो.

तिने केली, घरात आवडली. आता विचारतेय, बोंबील चालेल का? नाही ताई. बोंबलात आधीच पाणी फार, लिंबात त्याचा लगदा होईल. तो आपला रव्यात घोळवून तळ.